जरा हवा येऊ दे!

न्यू जर्सीतलं ताईचं घर, जमिनीतल्या जाळ्या, ९९ डॉलरचं कूपन आणि आईची फोडणी... घरातली हवा शुद्ध करायला 'डक्ट क्लीनिंग' खरंच लागतं का?

रात्रीचे तीन वाजलेले. जेटलॅगमुळे डोळे टक्क उघडे. एडिसनला ताईच्या घरी माझी ती पहिलीच रात्र. तेवढ्यात बेसमेंटमधून 'धप्प' असा आवाज आला, पाठोपाठ घरघर सुरू झाली आणि पलंगाशेजारच्या जमिनीतल्या जाळीतून गरम हवेचा झोत थेट माझ्या पायांवर! सोबत एक वास. दिवाळीआधी माळा उपसताना नाकात जातो ना, तसा जुन्या धुळीचा, पण जरासा करपलेला. मी चक्क घाबरले.

सकाळी ताई हसायला लागली. "अगं, हीट सुरू झाली. सीझनमध्ये पहिल्यांदा लागली की येतोच तसा वास. उन्हाळाभर फर्नेसवर बसलेली धूळ जळते."

"आणि त्या जाळीच्या आत काय असतं?"

"डक्ट. सगळ्या घरभर फिरलेत. घर १९८६ चं आहे. आम्ही घेतल्यापासून तरी आत कुणी डोकावलेलं नाही," असं म्हणत तिनं फ्रिजकडे बोट दाखवलं. तिथं गणपतीच्या मॅग्नेटखाली एक चकचकीत कूपन अडकवलेलं होतं. 'संपूर्ण घराचं एअर डक्ट क्लीनिंग, फक्त ९९ डॉलर!' खाली दोन फोटो. एका पाइपात आपल्याकडच्या कोळशाच्या चुलीमागे असते तशी काजळी, दुसरा आरशासारखा लखलखीत.

ताईनं ते कूपन उगाच जपून ठेवलं नव्हतं. माझा भाचा सहा वर्षांचा. महिन्याभरापासून रात्री झोपला की तासाभरानं त्याचा खोकला सुरू व्हायचा. कोरडा, ढांस लागल्यासारखा. डॉक्टरांच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. आई सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेली, ती रोज रात्री त्याच्या छातीला ओव्याची पुरचुंडी शेकायची. आणि ताईच्या डोक्यात एकच भुंगा... त्याच्या पलंगाखालीच तर जाळी आहे. त्या पाइपांत काय साचलंय कुणास ठाऊक!

घराला फुप्फुसं असतात!

आपल्यापैकी बहुतेकांना डक्ट म्हणजे मॉलच्या छताला दिसणारे ते चांदीचे मोठे पाइप, एवढंच माहीत. अमेरिकेत ते बऱ्याच सर्वसाधारण घरांच्या पोटात असतात. ते बघायचे तर बेसमेंटमध्ये उतरायला हवं. मीही उतरले. जिजूंनी कोपऱ्यातलं कपाटाएवढं धूड दाखवलं, "हा आमचा राक्षस."

राक्षस म्हणजे फर्नेस. त्यात गॅस जळतो, त्यावर धातूची पेटी तापते आणि खालचा पंखा त्या पेटीवरून हवा ढकलतो. ती गरम हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते. मग ती हवा दुसऱ्या एका मोठ्या जाळीतून परत खाली खेचली जाते. पंख्याच्या आधी एक फिल्टर. उन्हाळ्यात एसीची थंड हवासुद्धा याच वाटेनं. म्हणजे बैठकीतली हवा बेडरूममध्ये, बेडरूममधली स्वयंपाकघरात... दिवसभर तीच हवा घरभर चकरा मारत असते. बाहेरची ताजी हवा आत येते ती मुख्यतः दाराखिडक्यांच्या फटींतून. आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज-गॅस वाचवण्यासाठी घरं जास्तीत जास्त घट्ट बांधायची पद्धत रूढ झाली, त्यामुळे त्या फटीही बुजत गेल्या.

गंमत म्हणजे हा सगळा खटाटोप जिथून सुरू झाला ती जागा इथून फार लांब नाही. १९०२ साली विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनीअरनं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र आखलं. दमट हवेनं कागद फुगायचा, आक्रसायचा आणि रंगीत छपाई बिघडायची म्हणून! आधुनिक एसीचा जन्म माणसाच्या नाही, कागदाच्या सोयीसाठी झाला. आणि हे एडिसन गाव तर थॉमस एडिसनच्याच नावाचं. १९५४ पर्यंत ते रॅरिटन टाउनशिप होतं. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. त्या जागी उभारलेल्या मनोऱ्याच्या डोक्यावर काचेचा भलामोठा बल्ब आहे.

आज मात्र एडिसनची ओळख आपल्यासाठी वेगळीच. ओक ट्री रोडवर गाडी वळली की आपण तुळशीबागेत शिरलोय की काय असं वाटतं. साड्या, सोनं, पाणीपुरी, मेथीच्या जुड्या. दुकानातून निघताना कढीपत्त्याचा वास कपड्यांना चिकटलेला. पण घरी परतलं की गल्लीत एकदम शुकशुकाट. मेपलची पानं लाल झालेली, दारोदारी हॅलोवीनचे भोपळे आणि एकूण एक खिडकी बंद! अमेरिकन माणूस दिवसाचा सुमारे ९० टक्के वेळ चार भिंतींच्या आत घालवतो, असं तिथलं पर्यावरण खातं सांगतं. त्या गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या की ते सहज पटतं.

कूपनवाले आले...

शनिवारी सकाळी नवाच्या ठोक्याला दोघं हजर. हातात एक व्हॅक्यूम, लांब नळी आणि ब्रश. अंगात निळे टी-शर्ट. एकजण गोडबोल्या, दुसरा मुकाट. दोन-चार जाळ्या उचकटल्या, नळी हात-दीड हात आत सारली, घूंऽऽ घूंऽऽ केलं, जाळ्या पुसून पुन्हा बसवल्या. चाळीस मिनिटांत काम तमाम!

आणि मग खरा सिनेमा सुरू झाला. गोडबोल्यानं ताईसमोर मोबाइल धरला. फोटोत काळंकुट्ट, केसाळ काहीतरी. "मॅम, हे मोल्ड आहे. बुरशी. विषारी असते. घरात लहान मूल आहे का?"

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. पुढचं वाक्य तयारच होतं. औषध फवारून 'डीप क्लीन' करावं लागेल, आजच केलं तर बाराशे डॉलर, नंतर सोळाशे. जिजू हिशेब करत गप्प उभे. ताईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तिचं मन मला वाचता येत होतं... पोराच्या तब्येतीपुढे बाराशे डॉलर म्हणजे काय मोठंसं?

मी पत्रकार. प्रश्न विचारणं हेच पोट भरायचं साधन. म्हटलं, "हा फोटो नेमका कोणत्या जाळीतला? चला ना, दाखवा." गोडबोल्या म्हणाला, आत खोल आहे, दिसणार नाही. म्हटलं, फोनचा कॅमेरा जातो तर डोळाही जाईल! तेव्हा त्यानं फोन खिशात टाकला. ९९ डॉलर, वर 'जादा जाळ्यांचे' ६० घेऊन दोघंही निघून गेले. जाताना म्हणाले, "निर्णय तुमचा, मॅम."

हे शेवटचं वाक्य ताईला झोपू देईना. "खरंच असली बुरशी तर?" रात्री अकरा वाजता पोराच्या खोकल्याचा आवाज येत असताना आईनं काय उत्तर द्यायचं सांगा!

सरकारी पुस्तिका काय सांगते?

मग मी वाचायला बसले. अमेरिकेच्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन एजन्सीनं, म्हणजे ईपीएनं, नेमक्या याच प्रश्नावर १९९७ मध्ये एक पुस्तिका काढली. घरातले डक्ट साफ करून घ्यावेत का? सरकारी भाषा असूनही उत्तर बऱ्यापैकी रोखठोक आहे. डक्ट साफ केल्यानं आजार टळतात हे कधीही सिद्ध झालेलं नाही. डक्ट मळलेले असले म्हणून घरातल्या हवेत धूळ वाढते, असंही अभ्यासांतून ठामपणे दिसत नाही. का? कारण डक्टमधली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून बसते, ती खोलीत यायलाच हवी असं नाही. कपाटावरची धूळ जोवर कुणी झटकत नाही तोवर तिथंच राहते ना, तसं. खोलीतल्या धुळीचा मोठा वाटा आपण बुटांना लावून आणतो, स्वयंपाकात तयार करतो, गादी-गालिचातून उडवतो. डक्ट नीट साफ केले नाहीत, तर उलट बसलेली धूळ उठून घरात पसरते, हेही पुस्तिकेत आहे. कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेचा निष्कर्षही याच अंगाचा: सफाईनं श्वासात जाणाऱ्या हवेत सहसा फरक पडत नाही आणि हीटिंगचं बिलही फारसं कमी होत नाही.

मग कधीच करू नये का? तसंही नाही. ईपीए तीन कारणं देते. एक, डक्टच्या आत किंवा यंत्राच्या इतर भागांवर भरपूर बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर. दोन, आत उंदीर किंवा किडे झाले असतील तर. तीन, डक्ट कचऱ्यानं तुंबले असतील आणि जाळीतून धूळ खरोखर घरात उडत असेल तर.

तिसऱ्या कारणाचा जिवंत नमुना शेजारच्या पिस्कॅटवेमध्येच सापडला. जिजूंच्या ऑफिसातल्या एकानं नुकतंच रिनोव्हेट केलेलं घर घेतलं होतं. भिंती घासताना जाळ्या झाकायचं कामगारांना सुचलंच नाही. पहिल्यांदा हीट लावली तर सोफ्यावर पांढरी रांगोळी! त्यांच्याकडची सफाई खरी होती. ट्रकमधल्या मोठ्या यंत्राची जाड नळी मुख्य डक्टला जोडून आतली हवा खेचत ठेवलेली, दुसरीकडून फिरते ब्रश आणि दाबाच्या हवेनं पत्रा झोडपून काढलेला. पंखा, कॉइल, सगळं उघडून साफ. अर्धा दिवस गेला. अशा कामाला साधारण ४५० ते १००० डॉलर पडतात, असं ईपीएच सांगते. मग ९९ डॉलरमध्ये काय होणार? तेच, जे आमच्याकडे झालं.

आणि बुरशी? खरी असेल तर ती दाखवता आली पाहिजे. खात्री नसेल तर नमुना लॅबला पाठवता येतो. बरं, ज्या दमटपणानं ती वाढली तो हटवला नाही, तर कितीही फवारा, ती परत येणारच. फायबरग्लासचं अस्तर असलेला डक्ट भिजून बुरसला असेल, तर तो साफ करत बसू नये, बदलावा. एवढं वाचून झाल्यावर ताईला म्हटलं, "आता झोप. उद्या आपणच बघू."

फिल्टर की गोधडी?

दोन दिवसांनी जिजूंनी फर्नेसच्या वार्षिक तपासणीसाठी मेकॅनिक बोलावला. गॅसवर चालणारी फर्नेस दरवर्षी तपासून घ्यायलाच हवी. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. हा खर्च चुकवू नये. मेकॅनिक वयस्क, मोजकं बोलणारा. त्यानं पंख्याशेजारची फट उघडून फिल्टर बाहेर ओढला आणि आम्ही सगळे अवाक्. पांढरा असायला हवा तो फिल्टर करड्या गोधडीसारखा झाला होता. वर तो वाकडा बसलेला. कडेनं बोटभर फट, म्हणजे हवा फिल्टरला वळसा घालून थेट आत!

"शेवटचा कधी बदलला?" त्यानं विचारलं. ताईनं जिजूंकडे पाहिलं. जिजूंनी फर्नेसकडे. नवरा-बायकोतली ती शांतता मराठीतच होती, पण मेकॅनिकलाही कळली.

मग त्यानं टॉर्चनं डक्टच्या आत दाखवलं. पातळ करडा थर, बुरशी वगैरे काही नाही. मग हवा परत आणणाऱ्या डक्टचा एक सांधा दाखवला. उकललेला. बाजूलाच जुनी खोकी, रंगाचे डबे, कपडे धुण्याचं मशीन. पंखा चालू झाला की बेसमेंटमधली सगळी घाण त्या फटीतून आत ओढली जात होती. सर्वसाधारण अमेरिकन घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा अशाच गळतीत वाया जाते, असं ईपीएच्या एनर्जी स्टार योजनेचं म्हणणं आहे. आणि डक्ट बुजवायला डक्ट टेप वापरायचा नाही बरं का! १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेनं वेगवेगळे टेप आणि लेप तपासले, त्यात डक्ट टेपच सपशेल नापास झाला. नाव सोनूबाई! मेकॅनिकनं सांध्यावर मॅस्टिक नावाचा चिकट लेप थापला, नवा फिल्टर सरळ बसवला. "दर तीन महिन्यांनी बदला. महिन्याला एकदा बघा." बस्स, एवढंच भाषण.

फिल्टरवर 'मर्व्ह' नावाचा आकडा असतो. तो जितका मोठा तितके बारीक कण अडतात. ८ म्हणजे साधारण ठीक, १३ असेल तर धुरासारखे बारीक कणही बऱ्यापैकी अडकतात. पण घट्ट फिल्टरनं जुन्या पंख्याला धाप लागते, म्हणून आधी विचारून घ्यायचं. आमच्या यंत्राला ११ चालेल, असं ठरलं.

फोडणीवर खटला

इथंच गोष्ट संपली असती तर मीही खूश झाले असते. पण जिजू इंजिनीअर. त्यांनी ऑनलाइन एक छोटं मीटर मागवलं. हवेतले बारीक कण, म्हणजे पीएम २.५, मोजणारं. रविवारी सकाळी आकडा एकेरीत. सगळे खूश. अकरा वाजता आईनं आमटीला फोडणी दिली. तेल, मोहरी, हिंग, दोन सुक्या मिरच्या. चर्रऽऽ! आम्हाला ठसका लागला आणि मीटर थेट तीन आकड्यांत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेली चोवीस तासांची सरासरी मर्यादा आहे १५.

खरी गंमत पुढे. जिजू मीटर घेऊन वर भाच्याच्या खोलीत गेले. दार बंद. फर्नेसचा पंखा चालू. थोड्या वेळानं तिथलाही आकडा चढायला लागला! म्हणजे डक्ट चोर नव्हते, ते नुसते रिक्षावाले होते. माल भरला जात होता स्वयंपाकघरात.

पण शेगडीच्या वर एक्झॉस्ट होता की. ताई रोज लावायची. मी स्टुलावर चढून वर हात धरला तर काय... गरम, तेलकट वारा माझ्याच तोंडावर! इथल्या खूप घरांत शेगडीवर मायक्रोवेव्ह असतो आणि त्याच्याच पोटात पंखा. तो धूर खेचतो, जाळीतून गाळल्यासारखं करतो आणि पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. बाहेर जायला पाइपच नाही. नुसता आवाज. आपण समजायचं, काम चाललंय.

टेबलाशी सगळे हसत होते. आई मात्र गप्प. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पोराला खोकला माझ्या फोडणीमुळे का गं?"

ताई पटकन काही बोललीच नाही. ती अर्ध्या सेकंदाची शांतता मला अजून आठवते. ज्या बाईनं सात समुद्र ओलांडून येऊन नातवाची छाती शेकली, तिच्याच हातच्या आमटीवर आळ? दुसऱ्या दिवशी आईनं बिनफोडणीचं वरण केलं. तिखट-मीठ घालून नुसतंच. कुणाच्याही घशाखाली उतरेना.

मग तिला मी टेक्ससचा प्रयोग सांगितला. २०१८ च्या जून महिन्यात ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या एका चाचणी-घरात अनेक विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी मिळून रोजचं घरकाम केलं. पुसणं, झाडणं, स्वयंपाक... आणि प्रत्येक वेळी हवा मोजली. होमकेम असं त्या प्रयोगाचं नाव. त्यांनी थँक्सगिव्हिंगचं साग्रसंगीत जेवण रांधलं, टर्की भाजली, तेव्हा घरातल्या बारीक कणांचं प्रमाण जगातल्या अतिप्रदूषित शहरांच्या पंक्तीला जाऊन बसलं. "म्हणजे बघ आई, त्यांची टर्की आणि तुझी आमटी सारखीच. दोष फोडणीचा नाही. धुराला दारच दिलेलं नाही, त्याचा आहे."

आई म्हणाली, "मग खिडकी उघडा की मेल्यांनो! मी पहिल्या दिवसापासून सांगतेय." खरं होतं ते. ती रोज खिडकी उघडायची आणि हीट वाया जाते म्हणून कुणी ना कुणी ती बंद करायचं.

मग काय केलं?

सोमवारपासून घरात नवे नियम लागू झाले. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी, पुढची दहा मिनिटंही. फोडणी मागच्या शेगडीवर, झाकण हाताशी. तेवढा वेळ फर्नेसचा पंखा बंद. तुम्हीच करून बघा, फरक मीटरशिवायही नाकाला कळतो. शेगडीचा पंखा बाहेर सोडायचा पाइप वसंतात बसवायचा ठरला. डक्टसाठी मागितलेले बाराशे त्याच कामाला लावू, असं जिजू म्हणाले.

भाच्याच्या खोलीत छोटा हेपा प्युरिफायर आला. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर. तो घेताना खोलीचं माप बघायचं. चौरस फुटांत जेवढी खोली, त्याच्या निदान दोन तृतीयांश 'सीएडीआर' हवा. १२० चौरस फुटांना ८०. डॉक्टरांनी तिसऱ्या भेटीत इनहेलर दिला, गादीला धूळकिड्यांपासून बचावाचं कव्हर घालायला सांगितलं आणि घरातला दमटपणा ५० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणाले.

खोकला कमी झाला. कशानं? इनहेलरनं, गादीच्या कव्हरनं, फिल्टरनं की खिडकीनं... छातीठोकपणे सांगायला मी तयार नाही. डॉक्टरांचं औषध सोडून खिडक्या उघडत बसा, असं तर मुळीच नाही. पण ९९ डॉलरच्या घूंऽऽ घूंऽऽनं नक्कीच नाही. ती रात्र तर तो नेहमीसारखाच खोकला होता.

आणि खिडकी हाही काही रामबाण नाही. ताई अजून ७ जून २०२३ चा दिवस विसरलेली नाही. कॅनडातल्या वणव्यांचा धूर इथवर आला आणि भर दुपारी न्यूयॉर्क-न्यू जर्सीचं आकाश नारिंगी झालं. त्या दिवशी खिडक्या बंद, हेच शहाणपण होतं. जिजूंनी तेव्हा बाजारात मिळणाऱ्या चौकोनी पंख्याला चार फिल्टर आणि डक्ट टेप लावून खोका बनवला होता. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, कोर्सी आणि रोझेन्थल या दोघांनी सुचवलेली ही युक्ती. डक्ट टेपला अखेर खरं काम मिळालं!

पुन्हा पुण्यात

परत आले तेव्हा घरी एसी सर्व्हिसिंगवाल्याचं पत्रक दाराखाली पडलेलंच होतं. आपल्याकडे बहुतेकांचा स्प्लिट एसी, त्याला घरभर फिरणारे डक्ट नसतातच. पण 'मॅडम, गॅस कमी झालाय' हे वाक्य ओळखीचं आहे ना? एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, ती आधी शोधायला हवी. आणि आतली जाळी? ती आपणच दर पंधरवड्याला नळाखाली धुवायची.

मग मी स्टुलावर चढून आमच्या चिमणीच्या वर हात धरला. मॉड्युलर किचनबरोबर हौसेनं घेतलेली, दिसायला एकदम पॉश. वारा आला... माझ्याच तोंडावर. 'डक्टलेस'! घेताना सेल्समन म्हणाला होता, भिंत फोडायला लागत नाही मॅडम, हाच तर फायदा.

मी एडिसनला फोन लावला. आईनं उचलला. मागे चर्रऽऽ आवाज आणि ताईचा ओरडा, "आई, खिडकी!"

"उघडलीये गं," आई म्हणाली. मग मला, "बोल. घर कसंय?"

म्हटलं, "बंद आहे. थांब, खिडकी उघडते."

डक्ट क्लीनिंगवाल्याला फोन करण्याआधी...
(अमेरिका-कॅनडातल्या ताई-दादांना जरूर सांगा)

• आधी फिल्टर काढून बघा. मळलाय का? वाकडा बसलाय का? बहुतेक वेळा कामाची सुरुवात इथंच असते.

• जाळीचा स्क्रू काढा आणि टॉर्च मारा. पातळ धूळ असणं नॉर्मल आहे. बुरशी, उंदराच्या लेंड्या किंवा बांधकामाचा चुरा दिसला तरच सफाईचा विचार करा.

• 'बुरशी आहे' म्हणणाऱ्याला जागा दाखवायला सांगा. 'आजच ठरवा' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

• ईपीए कोणत्याही डक्ट सफाईवाल्याला सर्टिफिकेट देत नाही. तसं कुणी म्हणालं तर तिथंच ओळखा. नॅडका ही या व्यवसायाची १९८९ पासूनची संघटना, तिचे नियम पाळतो का ते विचारा.

• काम करताना पंखा, कॉइल आणि डक्ट सगळं साफ होणार का, हे लेखी घ्या. अर्धवट सफाईचा उपयोग नाही.

• शेगडीचा पंखा धूर नेमका कुठे सोडतो? वर हात धरा, लगेच कळेल.

• बेसमेंट असेल तर रेडॉनची चाचणी करून घ्या. जमिनीतून येणाऱ्या या वायूला वास नसतो, पण अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखालचं हे दुसरं मोठं कारण आहे. आकडा ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आला, तर उपाय करायलाच हवा.